विश्लेषणासाठी वेगळं नामविश्व काढण्याआधी एवढं वाचा

तुमच्या मालिकेच्या विकीबद्दलची पोस्ट वाचली आणि आमचेच दिवस आठवले. भागांची पानं झाली, पात्रांची झाली, आता रंग, प्रतीकं, शीर्षकांचे अर्थ यांवर लिहिणारे सदस्य आलेत. हे लेख भागाच्या पानातच घालावेत, नुसता वर्ग करावा की 'विश्लेषण' असं वेगळं नामविश्व (म्हणजे पानांचा स्वतंत्र कप्पा, ज्याचं नाव शीर्षकाआधी ':' देऊन लागतं) काढावं, असं तुम्ही विचारलंय. आम्ही चौघं 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी मालिकेचा छोटा मराठी विकी चालवायचो, तेव्हा नेमके इथेच अडलो होतो. साचे, वर्ग वगैरे तुम्हाला येतात असं धरून चालतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय की नामविश्व मिळेपर्यंत शीर्षकाआधी 'विश्लेषण:' टाकून पानं सुरू करताय. कृपया आजच थांबवा. आम्ही हेच केलं होतं. 'विश्लेषण:गुलाबी अस्वल', 'विश्लेषण:मरीचा जांभळा रंग' (मरी हे मालिकेतलं पात्र) अशी ४३ पानं झाली. नामविश्व अस्तित्वात नसतं तेव्हा मीडियाविकीच्या (ज्यावर विकी चालतो त्या सॉफ्टवेअरच्या) लेखी तो अपूर्णविराम शीर्षकातलं एक साधं चिन्ह असतो, पान मुख्य नामविश्वातच, म्हणजे नेहमीच्या लेखांमध्येच बसतं. ज्या दिवशी खरं नामविश्व सुरू झालं, त्या दिवशी सॉफ्टवेअर तीच शीर्षकं नव्या जागी शोधायला लागलं आणि तिथे काहीच नव्हतं. सर्व पानांच्या यादीत नावं दिसत होती, टिचकी मारली की पान अस्तित्वात नाही. मजकूर, इतिहास सगळं डेटाबेसमध्ये शाबूत, पण उघडता येत नव्हतं.

यावर उपाय आहे. मीडियाविकीसोबतच 'नेमस्पेसड्यूप्स' नावाची देखभालीची स्क्रिप्ट येते. पण ती सर्व्हरवरून चालवावी लागते आणि सर्व्हर होस्टिंगवाल्यांचा. त्यांच्या मदतकक्षाचं पहिलं उत्तर आलं, पानं नाहीत, नव्याने तयार करा. दुसऱ्यांदा स्क्रिप्टच्या नावासकट लिहिलं, तर तक्रार निकाली काढली म्हणून कळवलं. पाच आठवड्यांनी कुणीतरी नीट वाचलं आणि त्याच दुपारी सगळी पानं परत आली. तोवर आठ रात्री जागून रंगांवरचा लेख लिहिणारी आमची सदस्य सोडून गेली होती. ती परत आली नाही. मला आजही त्याचंच सर्वात जास्त वाईट वाटतं.

आता माझं मत, पटलं तरच घ्या. बहुतेक छोट्या विकींना वेगळं नामविश्व लागतच नाही. वेगळी सेटिंग केली नाही तर नव्या नामविश्वातली पानं नेहमीच्या शोधात येत नाहीत, लेखांच्या संख्येत धरली जात नाहीत, 'अविशिष्ट पान' (कुठलंही एक पान उघडून देणारा दुवा) यातही उघडत नाहीत. म्हणजे सर्वात मेहनतीचं लिखाण सर्वात कमी लोकांना दिसतं. 'लॉस्ट'चं प्रकरण वेगळं होतं. ती मालिका २००४ ते २०१० चालू असताना तर्कांचा इतका पूर आला होता की लॉस्टपीडियावर, म्हणजे त्या मालिकेच्या चाहत्यांच्या विकीवर, ते मूळ लेखांपासून वेगळे ठेवणं भागच होतं. तुमची मालिका संपलेली आहे, तुमच्याकडे तो पूर नाही.

भागाच्या पानातही कोंबू नका. 'ब्रेकिंग बॅड'च्या दुसऱ्या सीझनमधले १, ४, १० आणि १३ हे भाग घ्या. 'सेव्हन थर्टी-सेव्हन', 'डाउन', 'ओव्हर', 'एबीक्यू'. चारही शीर्षकं ओळीने वाचली ('७३७' हे विमान, 'एबीक्यू' म्हणजे ॲल्बुकर्की शहर) की विमान ॲल्बुकर्कीवर कोसळणार हे आधीच सांगितलेलं दिसतं. याच चार भागांच्या सुरुवातीला कृष्णधवल चित्रात ते खेळण्यातलं गुलाबी अस्वल येतं. भागवार लिहिलं तर हा धागा चार पानांवर तुटतो आणि कुठेच पूर्ण दिसत नाही. 'गुलाबी अस्वल' असं साधं शीर्षक, मुख्य नामविश्व, 'विश्लेषण' हा वर्ग, आणि चारही भागांच्या पानांवरून एकेका ओळीचा दुवा. बस्स.

लेखाच्या आत मात्र तीन थर वेगळे ठेवा: पडद्यावर काय दिसतं (भाग क्रमांकासह), निर्मात्यांनी मुलाखतीत काय सांगितलं, आणि प्रेक्षकांना काय वाटतं. आमची निम्मी भांडणं हे तीन थर मिसळल्यामुळे झाली. कुणाला स्वतःच्या नावाने निबंध लिहायचा असेल तर तो त्यांच्या सदस्यपानाच्या उपपानावर जाऊ द्या. मुख्य नामविश्वातल्या लेखात कुणीही बदल करणार हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

(हे सगळं मीडियाविकीपुरतं आहे, आणि मी काही सर्व्हरचा जाणकार नाही. तुमच्या होस्टिंगवर काय चालतं ते आधी लेखी विचारून घ्या.)

जाता जाता एक. वर मी ॲल्बुकर्की लिहिलंय त्यातला 'ॲ' दोन तऱ्हांनी टंकता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा 'अ'ला अर्धचंद्र जोडून. डोळ्यांना जवळपास सारखंच दिसतं, पण मीडियाविकीला ती दोन वेगळी शीर्षकं वाटतात. आमच्याकडे त्या शहराची दोन पानं सात महिने नांदत होती. एक रूप ठरवा आणि दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन टाका.

आणि ती 'विश्लेषण:' वाली पानं आज रात्रीच साध्या शीर्षकांवर स्थानांतरित करा. नामविश्व सुरू झालं की तुम्हाला ते करता येणार नाही.