परभणीतून इंग्लंडला येऊन वकिली करायची म्हणणाऱ्या दादांसाठी

दादा, तुम्ही विचारलंय की परभणी कोर्टात प्रॅक्टिस चालू आहे, वहिनींना लेस्टरला नर्सची नोकरी लागलीये, तर इकडं येऊन वकिली जमेल का आणि त्यासाठी आधी एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर्स, करावं का. मी बीडची, एलएलबी माणिकचंद पहाडे कॉलेजची, अंबाजोगाईला सिनियरकडं ज्युनियर होते, आता इथं सॉलिसिटर, म्हणजे अशिलाला सल्ला देणारी, कागदपत्रं करणारी वकील आहे, घरं-जमिनीची कामं बघते.

एलएलएमसाठी कर्ज काढू नका, एजंट काहीही सांगू देत. सॉलिसिटर व्हायला ते लागतच नाही. 2021 पासून त्यासाठी एसक्यूई ही पात्रता परीक्षा आहे, पहिल्या भागात दोन पेपर, प्रत्येकी 180 एमसीक्यू, आणि आपल्याकडच्या एआयबीई या बार परीक्षेसारखं बेअर ॲक्ट (नुसत्या कायद्याचं पुस्तक) घेऊन बसता येत नाही, सगळं डोक्यात पाहिजे. दुसऱ्या भागात 16 टास्क, अशिलाची मुलाखत, ड्राफ्टिंग, रिसर्च, आर्ग्युमेंट असं सगळं. दोन्हीची मिळून फी पाच हजार पाउंडाच्या आसपास, क्लास लावला तर त्याचे वेगळे. पहिला भाग भारतातल्या सेंटरवर देता येतो, तोंडी टास्कसाठी मात्र इकडंच यावं लागतं. म्हणून माझं म्हणणं, पहिला भाग तिथूनच द्या, प्रॅक्टिस चालू असतानाच. नव्या पोरांना दोन वर्षं कामाचा अनुभव दाखवावा लागतो, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असलेल्या वकिलाला ती अट नाही. तरी नुसत्या परीक्षेवर फर्म नोकरी देत नाहीत, आधी पॅरालीगल, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून राहावं लागलं तर राहा, त्यात कमीपणा काही नाही.

आता कामाचं. आपल्याकडं सातबारावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नसतं, फेरफार काढा, खासरा पत्रक हा जमिनीचा जुना कागद बघा, कुळाची जमीन असली की 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आलाच. इथं लँड रजिस्ट्रीत, म्हणजे सरकारी मालकी-नोंदणीत, नाव आलं की मालकीची हमी सरकारची. मग प्रश्नच बदलतात, लीजची किती वर्षं उरलीत, वहिवाटीची वाट कुणाची, गहाण फिटलंय का. पण प्रत्येक नोंद कशावरून झाली हे खोदून विचारायची जी सवय आपल्याला लागलेली असते ना, ती इथं लई कामाला येते. आणि अशिलाचं ऐकून घेणं. गावाकडची म्हातारी माणसं खरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला सांगतात, तोवर थांबायचं असतं, एसक्यूईच्या मुलाखतीतही हेच बघतात.

शिस्त मात्र नव्यानं लावून घ्यावी लागते. अशिलाशी फोन झाला की लगेच नोट, तो काय म्हणाला, मी काय सल्ला दिला, वेळ किती गेला, आणि वेळ सहा-सहा मिनिटांच्या युनिटमध्ये मांडतात. अशिलाचा पैसा वेगळ्या खात्यात. घर विकताना समोरच्या वकिलाला आपण शब्द दिला की गहाणाची रक्कम फेडतो, तर तो पाळावाच लागतो, नाही पाळला तर एसआरए, म्हणजे सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणारी संस्था, आपल्यावर कारवाई करते. मला हे मनापासून पटतं, वकिलाच्या शब्दाला एवढी किंमत असायलाच पाहिजे.

निघायच्या आधी महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं, म्हणजे वकील म्हणून आपली नोंद स्वच्छ असल्याचं, सर्टिफिकेट काढून ठेवा. इकडं पगारी नोकरी धरली की सनद स्थगित करायचा अर्ज द्यावा लागतो, बार कौन्सिल ऑफ इंडियाचा तसा नियमच आहे. सनद सरेंडर करू नका, नुसती स्थगित ठेवा, म्हणजे उद्या परत यायचं ठरलं तर परभणीत उभं राहता येईल.