वाचकांचे प्रश्न : हिवतापाचं औषध वस्तीपर्यंत नेताना

प्रश्न : आमची संस्था दूरच्या वस्त्यांना हिवतापाची तपासणी आणि औषधं मोफत पुरवते. तरी मुलं उशिरा, अगदी अत्यवस्थ होऊन येतात. असं का?

उत्तर : औषध मोफत असलं तरी केंद्रापर्यंत जाणं मोफत नसतं. भाडं लागतं, दिवसाची मजुरी बुडते, मागे राहिलेल्या मुलांकडे पाहायला कोणी नसतं. मग आई एक दिवस वाट पाहते. फॅल्सिपॅरम या परजीवीमुळे होणाऱ्या गंभीर प्रकारच्या हिवतापात लहान मूल तेवढ्यात अत्यवस्थ होऊ शकतं, म्हणूनच ताप चढल्यापासून २४ तासांत उपचार सुरू व्हायला हवेत. यावर आम्हाला पटलेला उपाय एकच : वस्तीतच राहणारी, प्रशिक्षित आणि मानधन मिळणारी आरोग्य कार्यकर्ती. तिच्या पिशवीत रॅपिड किट (थेंबभर रक्तावर जागीच तपासणी करणारं किट), वजनगटानुसार गोळ्यांची पाकिटं आणि हातमोजे असावेत. मानधनावर काटकसर करू नका. बिनपगारी कार्यकर्ती शेतीच्या हंगामात कामावर जाणारच, आणि तिला दोष देता येणार नाही.

झटके येणं, शुद्ध हरपणं, दूध-पाणी न घेणं, सगळं उलटून पडणं यांपैकी काहीही दिसलं तर गोळ्यांवर थांबू नका. इंजेक्शनची सोय दूर असेल, तर ६ वर्षांखालील मुलाला गुदद्वारातून आर्टेसुनेट या हिवतापावरच्या औषधाची कॅप्सूल द्यावी, किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅम, एकदाच. अर्ध्या तासात बाहेर पडली तर पुन्हा द्यावी. ही कॅप्सूल फक्त वाटेतला वेळ मिळवून देते. ताप उतरला म्हणून घरचे रुग्णालयात जायचं टाळतात, हाच मोठा धोका आहे. वाहनाचं भाडं कोण देणार, हे आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : उपचार पूर्ण झाले तरी रॅपिड टेस्ट पॉझिटिव्हच येते. औषध बदलावं का?

उत्तर : केवळ त्यावरून नाही. फॅल्सिपॅरमच्या बहुतेक किट एचआरपी-२ हे परजीवीचं प्रथिन शोधतात, आणि परजीवी मेल्यावरही ते रक्तात काही आठवडे राहतं. गुण आला का हे पाहायला सूक्ष्मदर्शकाखाली रक्तनमुना तपासावा. किट उन्हात तापवू नका, पाकीट ऐन वेळी फोडा, आणि निकाल किटवर लिहिलेल्या मिनिटांतच वाचा. उशिरा उमटलेली रेघ खरी धरू नये. टेस्ट निगेटिव्ह असेल तर तापाचं दुसरं कारण शोधा. १ ते ५ वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्या.

प्रश्न : गोळ्या दिल्या तरी महिन्याभरात ताप परततो.

उत्तर : आधी गोळ्या कशा घेतल्या ते विचारा. आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ही फॅल्सिपॅरमवरची जोडगोळी दिवसातून दोनदा, तीन दिवस, असे ६ डोस असतात. दुसरा डोस पहिल्यानंतर ८ तासांनी. दुसऱ्याच दिवशी बरं वाटतं आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवल्या जातात. आर्टेमेथर परजीवींची संख्या झपाट्यानं खाली आणतं, पण उरलेल्यांना संपवण्याचं काम ल्युमेफॅन्ट्रिन सावकाश करतं. कोर्स मोडला की ते अर्धवट राहतं. ल्युमेफॅन्ट्रिन रिकाम्या पोटी नीट शोषलंही जात नाही, म्हणून गोळी दूध किंवा स्निग्ध पदार्थाबरोबर द्यावी. तासाभरात उलटी झाली तर डोस पुन्हा. पहिला डोस कार्यकर्तीनं समोरच द्यावा, म्हणजे उलटीही कळते. व्हायवॅक्स हा हिवतापाचा दुसरा प्रकार असेल तर गोष्ट वेगळी : त्याचे परजीवी यकृतात सुप्त राहतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन हे औषध लागतं, आणि त्याआधी जी-६-पीडी (रक्तपेशींतलं एक विकर) कमी नाही ना, याची तपासणी.

प्रश्न : औषधांचा साठा दरवेळी आधीच का संपतो?

उत्तर : बहुधा मागणीचं गणितच चुकलेलं असतं. समजा ९० दिवसांत ६० कोर्स वाटले, पण त्यांतले ३० दिवस साठाच नव्हता. सरसकट भागाकार केला तर महिन्याला २० येतात. खरी गरज ६० दिवसांत ६०, म्हणजे महिन्याला ३० आहे. २० मागवलेत की पुढच्या तिमाहीत पुन्हा तुटवडा, आणि त्या कमी वाटपावरून त्याहून कमी मागणी. म्हणून साठा नसलेले दिवस रजिस्टरात वेगळे लिहा. हिशोब प्रत्येक वजनगटाच्या पाकिटाचा स्वतंत्र ठेवा, कारण एकूण कोर्स पुरेसे दिसत असताना लहान मुलांचं पाकीट संपलेलं असू शकतं. पावसाळ्यासाठी मागवताना गेल्या पावसाळ्याचे आकडे घ्या, उन्हाळ्याचे नव्हेत.