कॅनडाला निघण्याआधी: इच्छापत्र, मुखत्यारपत्र आणि मधली न दिसणारी जागा

ताई, तुमचा प्रश्न असा: पीआर (कॅनडात कायम राहण्याचा परवाना) हाती आलंय, दोन लहान मुलांना घेऊन पुण्याहून ओंटारियो प्रांतातल्या मिसिसागाला यायचंय, कोथरूडचा फ्लॅट एकट्या यजमानांच्या नावावर आहे, सासूबाई आणि सासरे तिकडेच राहणार. मग इच्छापत्र आत्ता करावं की इकडे बस्तान बसल्यावर? माझं म्हणणं, आत्ताच. पण त्याच्याही आधी दुसरे कागद करा.

माणूस गेल्यावर घरादाराचं काय, हा विषय आपल्याकडे कुजबुजत का होईना, निघतो. माणूस आहे, पण बोलता येत नाही, सही करता येत नाही, हा प्रसंग मात्र कोणी गृहीतच धरत नाही. इथे आमच्या ओळखीतल्या एका घरात चाळिशीतल्या कर्त्या माणसाला पक्षाघात झाला. डॉक्टर बायकोशी बोलत होते, उपचारांना तिची संमती घेत होते. ओंटारियोच्या कायद्यात त्यासाठी नातलगांचा क्रम ठरलेला आहे आणि नवरा किंवा बायको त्यात वरच आहे. अडलं ते पैशाचं. पगार त्याच्या एकट्याच्या खात्यात, घराचे हप्ते त्याच खात्यातून जायचे, आणि बँकेने तिला त्या खात्याला हात लावू दिला नाही. कायद्याने बँकेचं बरोबरच होतं. लग्न झालंय म्हणून जोडीदाराच्या पैशावर आपोआप अधिकार येत नाही. मालमत्तेची पालक म्हणून रीतसर नेमणूक होईपर्यंत त्या माउलीने उसनवारीवर घर चालवलं.

ओंटारियोत यासाठी दोन वेगळी मुखत्यारपत्रं (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) असतात. एक मालमत्तेसाठी, जे तुमची शुद्ध गेल्यावरही चालू राहतं. दुसरं शरीराच्या काळजीसाठी, म्हणजे उपचार, राहणं, खाणंपिणं. दोन्हींचे नमुने सरकार फुकट देतं, वकील लागतोच असं नाही. दोन साक्षीदार हवेत. नवरा, बायको, मुलं, किंवा ज्याला मुखत्यार नेमताय तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार चालत नाही. इथे उतरल्यावर बँक खातं उघडाल त्याच महिन्यात हे करून टाका. एकमेकांना नेमाल ते ठीक, पण दोघं एकाच गाडीतून जाता, म्हणून पर्यायी तिसरं नाव लिहाच. उपचारांसाठीचा माणूस फोनवर पटकन सापडणारा असू द्या. तो पुण्यात असेल तर इथल्या डॉक्टरच्या वेळा त्याच्या मध्यरात्री येतात.

आता भारताची बाजू, आणि इथेच बहुतेक जण फसतात. निघताना सगळेच भावाला किंवा वडिलांना कुलमुखत्यारपत्र देतात आणि निर्धास्त होतात. पण आपल्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे देणारा वारला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तो कागद निरुपयोगी होतो. इथल्यासारखं शुद्ध गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र भारतात नाही. कोमात गेलेल्या माणसाच्या वतीने व्यवहार करायचे तर घरच्यांना उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, मुंबई उच्च न्यायालयानेही असे आदेश दिले आहेत. पण वकील, वैद्यकीय अहवाल, तारखा हे काही चुकत नाही.

म्हणून सासूबाई-सासऱ्यांच्या बाबतीत मुखत्यारपत्रावर विसंबू नका. दोघांची बचत खाती आणि ठेवी ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने (म्हणजे कोणाही एकाच्या सहीने व्यवहार होतो अशी) संयुक्त करून घ्या, शक्य असेल तर भारतात राहणाऱ्या नणंदेचं किंवा दिराचं नाव त्यात घाला. एकाने अंथरूण धरलं तरी दुसऱ्याला रुग्णालयाचं बिल भरता आलं पाहिजे. शिवाय त्या दोघांशी बसून वैद्यकीय इच्छापत्राबद्दल बोला, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. त्यात निर्णय घेणाऱ्या जवळच्या माणसांची नावं लिहायची असतात. मुलगा परदेशी असताना आयसीयूच्या दाराशी कोण उभं राहणार, हे तिथेच ठरतं. हा विषय काढायला जड जातो हे मला माहीत आहे. पण फोनवर तो कधीच नीट निघत नाही, म्हणून समोरासमोर आहात तोवर काढा.

फ्लॅट भाड्याने देणं, सोसायटीची कामं यांसाठी मुखत्यारपत्र तरीही लागेलच. ते निघण्यापूर्वी पुण्यातच सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. कॅनडातून करायचं झालं तर नोटरी, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र (कॅनडा त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात 11 जानेवारी 2024 पासून आहे), आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरणं. मजकूर मर्यादित ठेवा. विक्रीचा अधिकार गरज नसताना देऊ नका.

आता इच्छापत्र. ते नसलं तर काय होतं ते आधी बघा. भारतातल्या स्थावराला भारताचाच कायदा लागतो, तुम्ही कुठेही राहा. हिंदू उत्तराधिकार कायदा तुम्हाला लागू असेल तर यजमानांच्या पश्चात कोथरूडच्या फ्लॅटचे चार समान भाग होतील: तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई. सासरे पहिल्या वर्गाचे वारस नाहीत. मुलं अज्ञान असल्यामुळे त्यांचा हिस्सा विकायला तुम्हाला न्यायालयाची परवानगी लागेल. ओंटारियोतल्या मालमत्तेचं गणित निराळं: पहिले 3,50,000 डॉलर तुमचे, उरलेल्यातला एक तृतीयांश तुमचा, बाकी मुलांचं. सासूबाईंना तिथे काहीच नाही. यजमान दरमहा आईला पैसे पाठवणार असतील तर त्यांची सोय इच्छापत्रातच लिहायला हवी.

माझा सल्ला, दोन इच्छापत्रं करा: भारतातल्या मालमत्तेचं भारतात, कॅनडातल्या मालमत्तेचं इथे. मात्र एक वाक्य डोळ्यांत तेल घालून तपासा. इथल्या छापील मसुद्यात पहिल्याच ओळीत बहुधा असतं, ‘यापूर्वीची सर्व इच्छापत्रे मी रद्द करतो.’ त्यावर सही केली की पुण्याचं इच्छापत्र गेलं. दोन्हींत स्पष्ट लिहा की हे फक्त अमुक देशातल्या मालमत्तेपुरतं आहे आणि दुसरं कायम आहे. वकिलाला दुसऱ्या इच्छापत्राची प्रत आपणहून दाखवा. तो विचारेलच असं नाही.

इच्छापत्र अमलात आणणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमताना एक बारकावा. ओंटारियोच्या कायद्यात राष्ट्रकुलाबाहेर राहणाऱ्या व्यवस्थापकाकडून न्यायालय तारण मागतं. भारत राष्ट्रकुलात आहे, अमेरिका नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या बहिणीपेक्षा पुण्याचा भाऊ कागदोपत्री सोपा पडतो. तरी इथे राहणारा विश्वासू माणूस असेल तर तोच सगळ्यांत उत्तम.

मुलांच्या पालकाचं नाव इच्छापत्रात लिहिता येतं, पण ओंटारियोत ती नेमणूक 90 दिवसच टिकते. तेवढ्यात त्या व्यक्तीने न्यायालयात अर्ज करावा लागतो. आजी-आजोबांचं किंवा मामाचं नाव लिहाल, पण ते व्हिसा काढून पोचेपर्यंत मुलं कोणाकडे? इथल्या एका कुटुंबाशी आधी बोलून, त्यांची संमती घेऊन तेही लिहून ठेवा. पहिल्या वर्षात अशी मैत्री जुळलेली नसते, हे मान्य. तरीही शोधा, इथल्या मराठी मंडळात या, माणसं भेटतात.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कालनिर्णयकार जयंतराव साळगावकर यांच्या वारसांमधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे शेअर्सच्या बाबतीत पक्कं केलं, आणि सोसायटीतला नॉमिनीही तात्पुरताच सभासद असतो. यजमानांचा टर्म इन्शुरन्स अजून घ्यायचा असेल तर तो 1874 च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्या. ती रक्कम तुमची आणि मुलांची राहते, सावकार तिला हात लावू शकत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं.

शेवटचं काम करासाठीचं, ते निघण्याच्याच सुमारास उरका. कॅनडात वारसा कर नाही, पण माणूस गेला की त्याने सगळी मालमत्ता त्याच वेळी विकली असं धरून नफ्यावर कर लावतात. मालमत्ता जोडीदाराकडे गेली तर तो सहसा पुढे ढकलला जातो. तो नफा तुम्ही इथले रहिवासी झालात त्या दिवसाच्या बाजारभावापासून मोजतात. म्हणून त्या सुमाराला नोंदणीकृत मूल्यांककाकडून फ्लॅटचा अहवाल घ्या आणि त्याची एक प्रत इच्छापत्रासोबत ठेवा. मूळ इच्छापत्र लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकर संयुक्त नावावर हवा, नाहीतर ते काढायलाच दुसरे कागद लागतात.