३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटर गेमिंग पीसीला जोडलाय, पण १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं होणं) मिळतच नाही. काय करू?

आधी कॅबिनेटच्या मागे बघा. वर यूएसबीच्या शेजारी दिसतात ते पोर्ट मदरबोर्डचे. केबल तिथे लावली असेल तर काढा आणि खाली आडव्या रांगेत जे पोर्ट आहेत, ते ग्राफिक्स कार्डाचे, त्यात लावा. नाहीतर एवढं महागाचं कार्ड असून चित्र जाणार मदरबोर्डातूनच.

पोर्ट बरोबर असेल तर संशय केबलवर. ३४४० × १४४० ला, म्हणजे या मॉनिटरच्या पिक्सेलच्या संख्येला, एचडीएमआय १.४ साधारण ५० हर्ट्झपर्यंतच पोचतं, २.० वर शंभराच्या आसपास. १४४ साठी डिस्प्लेपोर्ट १.४ घ्या, बहुतेक मॉनिटरच्या खोक्यात ती केबल असतेच. ही केबल काढताना मात्र वरचं बटण दाबूनच काढा. आत दोन बारीक हुक असतात, हिसका दिला की पोर्टच जायचा.

एवढं करूनही विंडोज बऱ्याचदा ६० वरच अडून बसतं. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून १४४ स्वतः निवडा. यादीत तो आकडाच नसेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ किंवा १.२ वर ठेवलेली आहे का तपासा.

गेममध्ये दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर आधी गेमचं रिझोल्यूशन बघा. ते बरोबर असेल तर घाबरू नका, काही गेम २१:९ (अशा रुंद पडद्याचं रुंदी-उंचीचं प्रमाण) चालवतच नाहीत. आणि २५६० × १४४० पेक्षा इथे सुमारे ३४ टक्के जास्त पिक्सेल आहेत, त्यामुळे फ्रेम (गेम सेकंदाला जितकी चित्रं दाखवतो ती) थोड्या घटणारच. सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली आणा, बराच फरक पडतो.