जुन्या कॅम्पर ट्रेलरमध्ये शेगडीमागे ॲल्युमिनियमचा पत्रा घरच्या घरी कसा बसवावा?

तुमचा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं छोटं घर, साठच्या दशकातला, शेगडीमागची प्लायवूडची भिंत काळवंडलेली, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवून टाकायचा बेत. कोणता पत्रा घ्यावा आणि कशाने चिकटवावा, असं तुम्ही विचारलंय. पत्रा जरूर लावा, पण चिकटवू नका. तो स्क्रूने असा बसवा की मनात आलं की उतरवता येईल. बाकीचं उत्तर बरंचसं यावरूनच ठरतं.

जुन्या ट्रेलरचा मूळ रोग म्हणजे गळती. छताच्या सांध्यातलं सीलंट वाळून तडकतं, खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपतं आणि बाहेरचा पत्रा नि आतलं प्लायवूड यांच्या मधल्या पोकळीत उतरतं. आतलं प्लाय बऱ्याचदा जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं. त्यावर धातूचा पत्रा चिकटवला की मागे काय कुजतंय ते दिसायची सोय उरत नाही. पुढे कधी काढायला गेलात, तर प्लायचा वरचा थर पत्र्याबरोबर सोलून हातात येतो. शिवाय गॅसची नळी आणि वायरी बहुतेक वेळा याच भागातून गेलेल्या असतात.

आधी तो काळा डाग कसला आहे ते बघा. कोमट साबणाच्या पाण्याने पुसल्यावर फिका पडला तर तेलाचा. कडेला गडद रेघ असलेला, नकाशासारखा पसरलेला डाग पाण्याचा. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून हलकं दाबा, आत रुतलं तर आधी गळती शोधा, पत्रा नंतर. तिसरा प्रकार म्हणजे बर्नरच्या अगदी समोर आलेला, पुसून न जाणारा तपकिरी पट्टा. ते लाकूड शेकलं गेलंय. वर्षानुवर्षं शेकलेलं लाकूड कोऱ्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकतं, म्हणून तेवढा तुकडा कापून नवा बसवावा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, जळत तर नाहीच, मग मागचं लाकूड सुरक्षित, असं लोक धरून चालतात. पण पत्रा जळत नाही याचा अर्थ तो उष्णता अडवतो असा नाही. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. प्लायला घट्ट टेकलेला पत्रा ती थेट प्लायलाच देणार. त्याच्या बाजूने दोन गोष्टी आहेत: एका जागची उष्णता तो सगळीकडे पसरवतो, आणि चकचकीत असेल तर आचेचा बराच भाग परत फेकतो. तेलाचा थर बसला की हा दुसरा फायदा मात्र झपाट्याने कमी होतो.

म्हणून शेगडीमागे पत्रा आणि प्लाय यांच्यात साधारण २५ मिलिमीटरची हवेची फट ठेवा. ती खाली आणि वर दोन्हीकडे उघडी हवी, म्हणजे गरम झालेली हवा वर निघून जाते आणि खालून गार हवा आत येते. फट राखायला ॲल्युमिनियमच्या नळीचे तुकडे वापरा, लाकडी पट्ट्या नकोत. शेगडी भिंतीपासून किती लांब हवी हे तिच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, आणि तोच आकडा अखेरचा. पत्रा लावला म्हणून ते अंतर आपल्या मनाने कमी करायचं नाही. काम झाल्यावर मोठं पातेलं ठेवून नेहमीच्या स्वयंपाकाइतका वेळ बर्नर चालवा, मग मागे हात घालून प्लाय चाचपा. हात ठेववत नसेल तर फट अपुरी आहे.

शेजारच्या सिंकमागेही पत्रा लावणार असाल तर तिथे उष्णतेचा हा प्रश्न नाही, म्हणून तिथला तुकडा वेगळा करा आणि सपाट बसवा. एकच लांब पत्रा शोभून दिसतो हे खरं, पण दोन जागांची कामं वेगळी आहेत.

पत्रा ३००३ मिश्रधातूचा, एच१४ कडकपणाचा, ०.८ मिलिमीटर जाडीचा घ्या. तो हाताने वाकतो, कापता येतो आणि सपाट राहण्याइतका ताठ असतो. अर्धा मिलिमीटरचा स्वस्त पडतो, पण बोट लागलं की पोचतो आणि तापला की लाटा धरतो. ५०५२ क्रमांकाचा मिश्रधातू जास्त ताठ; चालेल, फक्त वाकवायला जोर लागेल. ६०६१ टी६ मजबूत म्हणून कोणी गळ्यात मारेल, पण घट्ट दुमड घातली की त्याला तडे जातात. वरची प्लॅस्टिकची फिल्म शेवटपर्यंत काढू नका.

आता माप, कारण खरा वेळ इथेच जातो. जुन्या ट्रेलरमध्ये काटकोन शोधून सापडत नाही. भिंत वर जाऊन छताकडे वळते, ओटा एका बाजूला बसलेला असतो, आणि ट्रेलर स्वतःच कलता उभा असतो, त्यामुळे लेव्हल आणि ओळंबा दोन्ही निरुपयोगी. सगळी मापं ओट्याच्या वरच्या कडेवरूनच घ्या. जाड पुठ्ठा भिंतीपासून थोडा अलीकडे धरून चिकटपट्टीने पक्का करा. कंपासचं टोक भिंतीच्या वळणाला टेकवून खालपासून वरपर्यंत फिरवा. पेन्सिल तोच बाक पुठ्ठ्यावर उतरवते. रेघेवर कापा, लावून बघा, जिथे अडतंय तिथे पुन्हा कापा. पुठ्ठा वाया गेला तर काही बिघडत नाही. तो नीट बसला की त्यावर मोठ्या अक्षरात ‘समोरची बाजू’ लिहून ठेवा, नाहीतर पत्र्यावर आखताना तो सहज उलटा पडतो. भिंतीला भिडणाऱ्या कडांना ३ मिलिमीटर मोकळे सोडा, आणि ज्या कडा उघड्या दिसणार त्यांना दुमडीसाठी १० मिलिमीटर वाढवा.

सरळ कापाला पत्र्याची कात्री लागतच नाही. स्टीलची पट्टी दाबून धरा, कटरने त्याच रेघेवर चारपाच वेळा ओढा, मग रेघ टेबलाच्या कडेवर आणून पत्रा खालीवर हलवा. टक्कन तुटतो, आणि कात्रीने येते तशी कडेची नागमोड येत नाही. वळणासाठी मात्र कात्रीच. हिरव्या मुठीची उजवीकडे वळते, लाल मुठीची डावीकडे. रेघेच्या किंचित बाहेरून कापा आणि उरलेलं कानशीने घासून रेघेवर आणा. कापलेली कड ब्लेडसारखी असते, हातमोजे घाला.

दुमडीसाठी पत्रा दोन लोखंडी अँगलमध्ये शिकंज्याने आवळा, १० मिलिमीटर बाहेर ठेवा आणि लाकडी ठोकळा लावून मोगरीने थोडं थोडं वाकवत न्या. एका टोकाला पूर्ण वाकवून मग पुढे सरकलात तर कड वेडीवाकडी होते. सगळ्या लांबीवर सारखं फिरत राहायचं. अखेरीस दुमड पूर्ण चेपू नका, आत किंचित पोकळी राहू द्या. अशी कड बोटाला लागत नाही, आणि पत्रा लक्षात येण्याइतका ताठ होतो.

नक्षी हवीच असेल तर दुमड घालण्याआधी, पत्रा सपाट असतानाच करा. तेवढ्यापुरती फिल्मही उतरवावी लागेल. एकावर एक चढणाऱ्या गोल चकत्यांची नक्षी जुन्या ट्रेलरला फार खुलते. चार्ल्स लिंडबर्ग १९२७ साली ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडून गेला, त्याच्या नाकाच्या पत्र्यावर हीच आहे. उभ्या ड्रिल मशिनमध्ये २५ मिलिमीटरचा गोल दांडा, त्याच्या टोकाला घासायच्या जाळीचा तुकडा. एक ठसा उमटला की पत्रा अर्ध्या व्यासाने सरकवायचा. काम कंटाळवाणं आहे आणि एक ओळ चुकली की दुरून दिसते. मला विचाराल तर एकाच दिशेने घासून आणलेला मंद पोत जास्त शहाणपणाचा, ओरखडे त्यात मिसळून जातात.

बसवताना आधी गॅस बंद करा, वीज तोडा, आणि शेजारच्या कपाटात डोकं घालून नळी कुठून जाते ते डोळ्यांनी बघा. ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा. स्क्रू ३ मिलिमीटरच्या प्लायमध्ये धरणार नाही, मागच्या लाकडी सांगाड्यात जायला हवा. भिंतीवर टकटक केलं की भरीव आवाजावरून तो सापडतो. स्क्रूची लांबी मोजून घ्या, नाहीतर टोक बाहेरच्या पत्र्यातून डोकावेल आणि नवी गळती सुरू. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला पत्र्यात ५ मिलिमीटरचं छिद्र पाडा आणि वॉशर घाला. एक मीटर ॲल्युमिनियम ५० अंशांनी तापलं की एक मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं; सरकायला जागा नसेल तर पत्रा मध्येच फुगतो. स्क्रू स्टेनलेसचे चालतील, पितळेचे नकोत. ओलाव्यात पितळ शेजारचं ॲल्युमिनियम खातं.

सिंकमागच्या तुकड्याची खालची कड ओट्याशी सीलंटने बंद करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला खातं, म्हणून न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. शेगडीमागच्या तुकड्याला खाली सीलंट लावायचं नाही, हवा तिथूनच आत येणार आहे. पत्र्यात विजेचा सॉकेट येत असेल तर पत्र्याला अर्थिंग हवं. ते इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. कॉस्टिक सोडा असलेले ओव्हन क्लीनर ॲल्युमिनियम अक्षरशः विरघळवतात. लोखंडी घासणी वापरली तर तिचे कण रुतून बसतात आणि काही दिवसांनी गंजाचे ठिपके उमटतात. पहिला लांबचा प्रवास झाला की सगळे स्क्रू एकदा फिरवून बघा, हादऱ्यांनी दोनतीन तरी सैल झालेले सापडतील.