शेजाऱ्यांचा कुत्रा लिफ्टमध्ये मुलांच्या अंगावर येतो, पण अजून चावलेला नाही. तक्रार करता येईल का?

हो, येईल. चावण्याची वाट पाहायची काहीच गरज नाही.

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडवरच्या तुमच्या टॉवरमधला एक रॉटवायलर दोनदा तुमच्या मुलीच्या अंगावर धावून गेला, मालक ‘तो काही करत नाही हो’ म्हणतात आणि सेक्रेटरी म्हणतात, काही झालं तर बघू. मीही ठाण्यातलीच. घरी एक लॅब्रॉडॉर आणि रस्त्यावरून आणलेली एक कुत्री आहे, म्हणजे मी कुत्रेवाल्यांपैकीच आहे. आणि म्हणूनच ‘काही करत नाही’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो सांगत असतो की मला हे सहन होत नाहीये. ते मालकाने ऐकायचं नाही, तर कोणी ऐकायचं?

भारतीय न्याय संहितेचं कलम 291 नेमकं यासाठीच आहे (जुलै 2024 च्या आधी हेच भारतीय दंड विधानाचं कलम 289 होतं). आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवतो, हे माहीत असून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चावा घेतलेलाच असला पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. प्रत्यक्ष दुखापत झाली तर निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचं कलम 125 सुद्धा लागू शकतं.

हे नुसतं कागदावर नाही. वरळीच्या एका इमारतीत 2018 मध्ये एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होते. मुलाला कुत्र्याची भीती वाटते, थोडं थांबा, असं त्यांनी सांगितलं. तरी हस्कीच्या मालकाने कुत्र्याला ओढत आत घेतलं आणि तो त्या गृहस्थांना चावला. 2025 मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली. त्या खटल्यात लिफ्टमधल्या सीसीटीव्हीचा मोठा आधार मिळाला. तेव्हा तुम्ही आजच सोसायटीला लेखी कळवा की त्या दोन्ही दिवसांचं फुटेज काढून ठेवा. बहुतेक ठिकाणी काही दिवसांत जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं.

मग मालकांना पत्र द्या. तारीख, वेळ, काय झालं, कोणी पाहिलं, एवढंच. चिडून काही लिहू नका. एक प्रत सोसायटीला द्या आणि पोच घ्या. यानंतर ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ असं त्यांना म्हणता येणार नाही. महापालिकेचा श्वान परवाना आणि रेबीज लसीचा दाखला आहे का, हेही पत्रात विचारा. दाद मिळाली नाही, तर हीच कागदपत्रं घेऊन पोलीस ठाण्यात जा.

मात्र ‘कुत्रा सोसायटीतून काढा’ ही मागणी करू नका. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि सरसकट सगळ्यांना मझलची (कुत्र्याच्या तोंडाला लावायच्या मुसक्याची) सक्तीही करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जातीवरूनही भांडू नका. रॉटवायलरसह 23 जातींवर बंदी घाला, असं केंद्राचं पत्र मार्च 2024 मध्ये निघालं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते महिन्याभरातच रद्द केलं. तुमचा मुद्दा हा एक कुत्रा आणि त्याचा हा एक मालक, इतकाच ठेवा.

मागायचं ते नेमकं मागा. पट्टा आखूड हवा. बटण दाबून लांबत जाणारा पट्टा लॉबीत नको. कुत्र्याला फिरवणारा माणूस त्याला आवरू शकेल असा हवा. पन्नास किलोचं जनावर शाळकरी मुलाच्या हाती देऊन खाली पाठवणारे आईबाप मी पाहिलेत, आणि मला त्यांचं खरंच आश्चर्य वाटतं. लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल तर ‘तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीला येतो’ म्हणायचं. आत असताना कुत्रा कोपऱ्यात, मालक मध्ये.

या कुत्र्याला मझल लावाच, अशी विनंती जरूर करा, पण जाळीचा. तोंड आवळून बंद करणारा कापडी मझल आपल्याकडच्या दमट हवेत धोक्याचा, कारण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. जाळीच्या मझलमध्ये त्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. आत थोडं दही लावून रोज दोन-चार मिनिटं सवय केली की बहुतेक कुत्रे स्वतःहून तोंड घालतात. आणि हळूच विचारा, तो दिवसभर बाल्कनीत बांधलेला असतो का? असं बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून पुरेसा व्यायाम न देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. असे कुत्रे पुष्कळदा फिरणं वाढलं की निवळतात.

मुलीला आजच एवढं शिकवा: तो समोर आला तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात अंगाशी धरून, त्याच्या डोळ्यांत न बघता स्तब्ध उभं राहायचं. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, असंही धरून चालायचं नाही.

आणि दात लागलेच तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना काही लावू नका. लगेच सिव्हिल किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही लागतं. ते देणार का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कुत्र्याला लस दिलेली आहे, हे मालकाचं म्हणणं ऐकून थांबू नका. केसपेपर आणि जखमेचे फोटो जपून ठेवा, तक्रारीला तेच लागतात.