इग्बो समाज कशामुळे मोडला?

प्रश्न : चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही नायजेरियातील इग्बो समाजावरची कादंबरी नुकतीच वाचली. जुळी मुले रानात टाकणारा, देवाचा कौल मिळाला म्हणून इकेमेफुना या निरपराध मुलाचा जीव घेणारा आणि ‘ओसू’ लोकांना अस्पृश्य मानणारा हा समाज आपल्याच दोषांनी मोडला, असे म्हणावे का? मिशनऱ्यांचे येणे लेखकाला इष्टच वाटत होते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सांगितलेले दोष अचेबे यांनी कोठेही झाकलेले नाहीत. त्यांचे वडील स्वतः ख्रिस्ती धर्मप्रचारक होते, त्यामुळे लोक नव्या धर्माकडे का वळले हे त्यांना घरातूनच ठाऊक होते. कादंबरीचा नायक ओकोंक्वो याचा मुलगा न्वोये चर्चमध्ये जातो तो धर्मतत्त्वे पटली म्हणून नव्हे. रानात रडणारी जुळी मुले आणि इकेमेफुनाचा मृत्यू त्याच्या मनातून गेलेले नसतात, आणि त्या दुःखावर मिशनऱ्यांच्या भजनाने फुंकर घातली जाते. समाजाने ज्यांना दुखावले, ते आधी गेले. एवढे आपले म्हणणे मान्य करायलाच हवे.

मात्र दोष असणे आणि दोष सुधारण्याची शक्तीच नसणे, यांत मोठे अंतर आहे. चौथ्या प्रकरणात, पेरणीपूर्वीच्या शांतता-सप्ताहात ओकोंक्वो बायकोला मारतो तेव्हा, गावातला सर्वांत वृद्ध माणूस एक जुनी गोष्ट सांगतो : पूर्वी हा नियम मोडणाऱ्याला मरेपर्यंत गावभर फरफटत नेत, परंतु जी शांतता राखायची तीच त्यामुळे भंगते, हे लक्षात आल्यावर लोकांनी ती प्रथा बंद केली. हे कोणा गोऱ्या माणसाने त्यांना शिकवलेले नव्हते. ओकोंक्वोच्या हातून नकळत घडलेल्या हत्येसाठी त्याला सात वर्षांचा वनवास भोगावा लागतो, तेव्हा त्याचा मित्र ओबिएरिका त्या शिक्षेच्या न्याय्यतेबद्दल मनाशी प्रश्न विचारतो आणि त्याला आपण टाकून दिलेली जुळी मुले आठवतात. उत्तर त्याला सापडत नाही, पण प्रश्न त्याच समाजाच्या पोटातून उठलेला आहे. माझ्या मते कादंबरीचे मर्म येथे आहे.

ब्रिटिश सत्तेने हिरावून घेतली ती हीच शक्ती. दहाव्या प्रकरणात पूर्वजांचे आत्मे मानले जाणारे मुखवटाधारी भर मैदानात, सर्वांसमक्ष नवरा-बायकोचा तंटा ऐकतात आणि दोन्ही कुटुंबांत समेट व्हावा असा निवाडा देतात. त्याशेजारी विसाव्या प्रकरणातले नवे न्यायालय ठेवून पाहावे : जमिनीचा एक वाद, स्थानिक भाषा व वहिवाट न जाणणारा अधिकारी, पैसे खाऊन एका पक्षाला जमीन मिळवून देणारे शिपाई आणि दुभाष्या, आणि त्याच वादातून घडलेल्या खुनासाठी एकाला फाशी. पुढे ओकोंक्वोच्या गावाच्या, म्हणजे उमुओफियाच्या, सहा प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावून अटक होते. दंड दोनशे पोती कवड्यांचा असताना शिपाई गावाकडून अडीचशे मागतात. ही सुधारणा नव्हे, ही सत्ता आहे. चर्चने दुखावलेल्यांना आसरा दिला हे खरे, आणि त्या चर्चपाठोपाठ न्यायालय, तुरुंग व फाशी आली हेही तितकेच खरे. लेखक या दोहोंपैकी एकही गोष्ट सोडत नाही.

प्रश्न : इतक्या आतून सांगितलेल्या कथेचा शेवट ब्रिटिश जिल्हा अधिकाऱ्याच्या विचारांवर का केला असावा?
– एक वाचक, पणजी

उत्तर : पंचवीस प्रकरणे आपण ओकोंक्वोसोबत राहिलेलो असतो, त्याचा राग, त्याची भीती, लाडक्या मुलीबद्दलची, एझिन्माबद्दलची त्याची माया आपल्याला माहीत झालेली असते. त्याच्या आत्महत्येनंतर तो अधिकारी आपल्या नियोजित ग्रंथाचा विचार करू लागतो. या माणसावर अख्खे प्रकरण नाही, तरी एक बऱ्यापैकी परिच्छेद लिहिता येईल असे त्याला वाटते. ग्रंथाचे नाव त्याने आधीच ठरवले आहे : ‘लोअर नायजरमधील आदिम टोळ्यांचे शांतीकरण’. आफ्रिकेविषयी युरोपात वाचले जाणारे साहित्य बऱ्याच अंशी अशाच लेखण्यांतून उतरले होते, आणि १९५८ साली अचेबे यांनी त्याच इंग्रजीत त्या एका परिच्छेदाच्या जागी संपूर्ण कादंबरी लिहिली.